दारात किती मिनिटं थांबवलं? कोठडीतला छळ आणि न सांगता येणारे पाहुणे

जिल्हा आवृत्तीत आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य भेटतंच: 'संशयिताला ताब्यात घेऊन पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.' बातमीदार रंगात असेल तर 'तो पोपटासारखा बोलू लागला' अशी फोडणीही असते. आपण वाचतो, चहाचा घोट घेतो आणि शेजारच्या सोन्याच्या भावाकडे वळतो.

'खाक्या दाखवताच' आणि 'कबुली दिली' यांच्या मधल्या जागेत एक खोली आहे, काही तास आहेत आणि एक गुन्हा आहे. बातमीतल्या चोरीइतकाच खरा गुन्हा. कबुली काढण्यासाठी माणसाला इजा करणं जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३३० खाली येत होतं, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली येतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे कायदा नाही म्हणून मार पडतो असं नाही, तो १८६० पासून पुस्तकात आहे. अडचण एवढीच की त्या खोलीत पोलीस आणि संशयित सोडून तिसरं कुणी नसतं.

तो तिसरा माणूस तिथे आणायचा कसा, यावर जगात गेली चाळीस-पन्नास वर्षं बराच खटाटोप झाला आहे. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा होत नाही. गंमत म्हणजे त्यातला एक चांगला प्रयोग मुंबईतच सुरू झाला होता. त्याकडे येतोच, आधी मुळाचा प्रश्न.

कबुली चालत नाही, मग मारतात कशाला?

कायदा शिकणारी पोरं हा प्रश्न पहिल्या वर्षालाच विचारतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांनी केला, कारण त्यांच्याच राज्यातले पोलीस आणि महसूल खात्याचे लोक काय करतात हे त्यांना ठाऊक होतं. मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्येच आला होता.

पण त्या नियमाला एक खिडकी ठेवलेली आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या पुरावा कायद्यातलं हे कलम २७ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात गेलं आहे. ठाण्यात मात्र अजून 'सत्तावीसचा पंचनामा' असंच म्हणतात. विहिरीत टाकलेला कोयता, कडब्याच्या गंजीत लपवलेलं मंगळसूत्र, कुणाकडे तरी गहाण टाकलेली मोटारसायकल. मुद्देमाल हाती लागला की गुन्हा 'उघड' आणि वरची विचारणा बंद. प्रयोगशाळेच्या अहवालाला महिने लागतात, पट्ट्याला मिनिटं. डीबीच्या, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकाच्या, एकेका हवालदाराच्या डोक्यावर न उघडलेल्या घरफोड्यांचं किती ओझं असतं हे जवळून पाहिलं, की मारणारा प्रत्येक जण राक्षस असतो ही समजूत गळून पडते. मी त्याची वकिली करत नाही. सवय लागलेला सामान्य माणूस राक्षसापेक्षा जास्त सापडतो, एवढंच सांगतोय.

महाराष्ट्रात दुसरीही खिडकी आहे, मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. १९९९ च्या या कायद्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा ठरू शकते. त्याचं पुढे काय होतं ते ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात दिसलं. १८० हून अधिक माणसं त्या संध्याकाळी गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब भरवशाचे नाहीत आणि छळाच्या आरोपांत तथ्य दिसतं, हे त्यातलं एक मोठं कारण. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. वादाचा तो भाग बाजूला ठेवू. पण ज्यांच्या घरचं माणूस त्या डब्यात होतं, त्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं? स्फोट कुणी केले याचं उत्तर तर नाहीच.

बैल गेला नि झोपा केला

कोठडीत मृत्यू झाला तर आपल्याकडे यंत्रणा भरपूर आहेत. न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला चोवीस तासांत कळवायचं, हा नियम डिसेंबर १९९३ पासूनचा. तपास सीआयडीकडे जातो, निलंबन होतं, विधानसभेत लक्षवेधी लागते. हे सगळं हवंच. पण हे सगळं माणूस मेल्यावर सुरू होतं. जो मरत नाही, तळपाय सुजलेल्या अवस्थेत घरी जातो आणि कुणाला काही सांगत नाही, त्याच्यासाठी यातलं काहीच हलत नाही.

'का सांगत नाही?' असं सहज विचारलं जातं. काही वर्षं मी एका तालुका न्यायालयात बातम्यांसाठी बसत असे. रिमांडच्या वेळी न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" समोरच्याच्या हाताला हवालदाराचा हात गुंफलेला असतो. तोच हवालदार त्याला सकाळी घेऊन आलाय आणि पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, वाढला तर संध्याकाळी तोच परत नेणार. उत्तर येतं, "नाय साहेब." लेखनिक टाइप करतो: आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. एकदा एका मुलाने 'नाय' म्हणताना न्यायाधीशांकडे नाही, हवालदाराकडे पाहिलं होतं. कागदावर दोन्ही 'नाही' सारखीच उमटतात.

म्हणून प्रश्न असा उलटा करावा लागतो: तक्रार येण्याची वाट न पाहता, कुणी मेलेलं नसताना, एखाद्या साध्या मंगळवारी त्या खोलीत कुणी जाऊ शकेल का?

हा प्रश्न नेटाने मांडला तो जाँ-जाक गोतिए या जिनिव्हातल्या माणसाने. पेशाने वकील आणि बँकर. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे लोक युद्धकैद्यांच्या छावण्यांत जातात, कैद्यांशी एकांतात बोलतात, पुन्हा येतात आणि त्याने मारहाण कमी होते हे जगजाहीर होतं. गोतिएंचं म्हणणं सरळ होतं. युद्धातल्या शत्रूला भेटता येतं, मग शांततेच्या काळात स्वतःच्याच देशाच्या कोठडीत पडलेल्या माणसाला का नाही? १९७७ मध्ये त्यांनी यासाठी संस्था काढली. १९८० मध्ये कोस्टा रिका या छोट्या देशाने संयुक्त राष्ट्रांपुढे तसा मसुदा ठेवला. तिथे तो बावीस वर्षं पडून राहिला. दरम्यान युरोपने वाट न पाहता १९८७ मध्ये स्वतःचा करार करून टाकला आणि छळ प्रतिबंधक समिती नेमली. १९९० पासून तिच्या भेटी सुरू झाल्या.

पट्टे लावलेला पलंग

अशा भेटीतून निघतं काय, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. ही युरोपीय समिती आपले अहवाल एरवी गुप्त ठेवते. संबंधित देशाने परवानगी दिली तरच ते छापले जातात. देशाने सहकार्य नाकारलं किंवा सुधारणा टाळली, तर मात्र समिती जाहीर निवेदन काढू शकते. तसं पहिलं निवेदन डिसेंबर १९९२ मध्ये निघालं, तुर्कस्तानबद्दल.

अंकाराच्या पोलीस मुख्यालयात समितीचे लोक एका खोलीत शिरले. दारावर पाटी होती 'चौकशी कक्ष'. आत स्ट्रेचरसारखा एक बुटका पलंग होता, त्याला आठ पट्टे, दोन्ही बाजूंना चार-चार. विजेचे झटके देताना आम्हाला अशाच पलंगाला बांधत होते, असं वर्णन समितीला आधी बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. चौकशीच्या खोलीत पलंग कशासाठी, याचं पटेल असं उत्तर पोलिसांना देता आलं नाही. दियारबकिरमध्ये वरच्या मजल्यावरच्या खोलीत माणसाला हातांनी टांगायचं साहित्य तयार अवस्थेत मिळालं.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. त्या पलंगावर त्या क्षणी कुणीही नव्हतं. कुणी फिर्यादी नव्हता, जखम नव्हती, साक्षीदार नव्हता. पोलीस तपासाच्या भाषेत तिथे 'काहीच' नव्हतं. भेट देणाऱ्याला मात्र फर्निचर पुरलं. तपास करणारा विचारतो, कुणी केलं? भेट देणारा विचारतो, इथे काय होऊ शकतं?

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना 'दिपोटी' आठवत असतील, शाळा तपासायला येणारे साहेब. ते यायच्या आधी आठवडाभर शाळा सारवली जायची, फळ्यावर सुविचार यायचा, हुशार पोरं पुढच्या बाकावर बसायची आणि ढ पोरांना त्या दिवशी गुरं राखायला सुट्टी मिळायची. साहेब शेरेबुकात लिहायचे, 'शाळेची प्रगती समाधानकारक.' कोठडीच्या तपासणीत नेमकी हीच शाळा होऊ नये म्हणून चार-पाच गोष्टींवर अडून बसावं लागतं.

पहिली, न कळवता जायचं. रात्रीसुद्धा, आणि सणाच्या दिवशीसुद्धा. दुसरी, कुठली खोली पाहायची हे पाहुण्याने ठरवायचं. लॉकअप सहसा स्वच्छच असतं, पाहायची असते ती डीबीची खोली, मागचा मुद्देमाल कक्ष, वरच्या मजल्यावरचं कुलूपबंद दार. ठाण्यात नेहमीच्या वापरात नसलेली वस्तू, म्हणजे चिठ्ठी नसलेला दांडका, रबरी पाइप, बॅट, दिसली तर तिची नोंद करायची. मुद्देमाल असेल तर त्यावर गुन्हा क्रमांक हवाच. तिसरी, कैद्याशी एकांतात बोलायचं आणि कोणाशी बोलायचं ते स्वतः निवडायचं. समोर आणून बसवलेला कैदी हा पुढच्या बाकावरचा मुलगा असतो.

यात एक खुबी आहे, ती मला फार आवडते. शक्य असेल तर कोठडीतल्या प्रत्येकाशी बोलायचं, साधारण सारखाच वेळ. कुणी काही सांगितलं, कुणी नुसतंच 'घरी निरोप द्या' म्हटलं, बाहेर बसलेल्याला फरक कळत नाही. 'तू साहेबांना काय सांगितलंस' म्हणत नंतर एकालाच बदडायची सोय राहत नाही.

आणि वह्या! वह्यांचं वेड असलेला माणूस पथकात हवाच. अटकेची नोंदवही, स्टेशन डायरी, जेवणाचं बिल, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सगळं शेजारी-शेजारी ठेवायचं. समजा मंगळवारी रात्री कोठडीत पाच जण दाखवलेत आणि खानावळीच्या बिलात सात थाळ्या आहेत. ते दोन जेवले कोण? बुधवारी दुपारी अटक दाखवलेले दोघे मंगळवारपासूनच आत असतील, तर 'चौकशीला बोलावलं होतं' या नावाखाली त्यांचे पहिले सोळा तास कायद्याच्या हिशेबातूनच गायब झालेले असतात. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचा नियम आहे, पण घड्याळ कधी सुरू झालं हे पोलीसच लिहितात. मार पडतो तो बहुतेक या न लिहिलेल्या तासांत.

पथकात डॉक्टर असतो, तो जखमेचं वय सांगतो. 'पडून लागलं' आणि 'मारून लागलं' यातला फरक त्याला कळतो. शेवटची गोष्ट, परत जायचं. सहा महिन्यांनी त्याच ठाण्यात, तीच खोली. एकदाच आलेला पाहुणा म्हणजे पर्यटक.

जगाचा करार, आणि बॅग भरून निघून जाणं

संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर २००२ रोजी हा विचार अखेर स्वीकारला. छळविरोधी करार १९८४ चा होता, त्याला एक ऐच्छिक जोडकरार झाला आणि २२ जून २००६ पासून तो लागू झाला. आज ९० हून अधिक देश त्यात आहेत. रचना दुहेरी आहे. २५ तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय उपसमिती कुठल्याही सदस्य देशात जाऊ शकते. शिवाय प्रत्येक देशाने घरची, सरकारपासून स्वतंत्र अशी भेट यंत्रणा उभी करायची. खरं काम ही घरची यंत्रणाच करते, कारण जिनिव्हाहून पथक एखाद्या देशात येणार ते फार तर काही वर्षांतून एकदा. आणि 'कोठडी' म्हणजे फक्त तुरुंग नव्हे. जिथून माणूस स्वतःच्या मर्जीने बाहेर पडू शकत नाही ती प्रत्येक जागा त्यात येते: मनोरुग्णालय, बालसुधारगृह, भिक्षेकरी गृह, परदेशी नागरिकांना अडकवून ठेवायचं केंद्र.

दार उघडलं नाही तर? उपसमितीकडे फौज नाही. ती बॅग भरते, निघून जाते आणि ते जगाला सांगते. युक्रेनमध्ये मे २०१६ मध्ये गुप्तचर खात्याच्या काही जागा दाखवायला नकार मिळाला. पथकाने भेट थांबवली, दार उघडल्यावर सप्टेंबरात परत येऊन ती पूर्ण केली. रवांडात २०१७ मध्ये भेट अर्धवट सुटली. ऑस्ट्रेलियासारख्या देशातही ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांनी आडकाठी केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये उपसमितीने ती भेट रद्दच करून टाकली.

भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी मूळ करारावर सही केली. सही म्हणजे साखरपुडा, लग्न अजून झालेलं नाही. करार लागू करण्यासाठी आणलेलं विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं आणि पुढे ते बारगळलं. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात पुन्हा तीच शिफारस केली. मूळ करारच पक्का नाही, तेव्हा भेटींच्या जोडकराराचा विषय निघायचं कारणच नाही.

मुंबई, १९८३

पण कल्पना आपल्याला परकी नाही. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी परवानगी काढून मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस लॉकअपमध्ये आम्हाला मारहाण झाली. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. मग न्यायालयाने जे केलं ते मला निकालापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन त्या महिलांशी, दुसरं कुणीही हजर नसताना, बोलायला सांगितलं. वकील नाही, पोलीस नाही, समाजकार्याच्या प्राध्यापक. जोडकरार व्हायला अजून वीस वर्षं होती.

१५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात आदेश आले. महिलांसाठी वेगळी लॉकअप, त्यांच्यावर महिला शिपायांचा पहारा, चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवायचे, आणि त्याला समजेल त्या भाषेत वाचूनही दाखवायचे. आणि एक आदेश थेट आपल्या विषयाचा: मुंबई शहरात सत्र न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, पोलीस लॉकअपला वेळोवेळी अचानक भेटी द्यायच्या, म्हणजे आतल्यांना तक्रार सांगायची संधी मिळेल.

अचानक भेट, बाहेरचा माणूस, प्रत्यक्ष लॉकअपमध्ये. जगाचा जोडकरार जे सांगतो त्याचं बी यात आहे. फक्त हे काम आधीच खटल्यांनी वाकलेल्या न्यायाधीशांच्या अंगावर पडलं. ते पूर्ण वेळ करणारी माणसं, कचेरी, पैसा यांची तरतूद झाली नाही.

खुद्द बारसे यांचं काय झालं तेही सांगायला हवं. मुलाखती टेपवर घ्यायला लागल्यावर त्यांची परवानगी काढून घेण्यात आली. त्यावरचा निकाल १९८७ मध्ये आला: पत्रकाराला कैद्यांना भेटू द्यावं, पण नियमांच्या चौकटीत. इथे फरक स्पष्ट होतो. परवानगी ही साहेबाच्या मर्जीची गोष्ट, ती दिली तशी काढताही येते. कायद्याने दिलेला अधिकार साहेबाला काढता येत नाही.

आज दाराशी कोण आहे?

तुरुंगांसाठी 'अभ्यागत' ही जुनी व्यवस्था आहे, तिचं मूळ १८९४ च्या कारागृह कायद्यात. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी असे शासकीय अभ्यागत असतात, आणि नागरिकांतून नेमलेले अशासकीय. नेमणुका रखडणं नेहमीचं. झाल्या तर राजकीय सोयीने. भेट झालीच तर अभ्यागत वहीत 'स्वयंपाक पाहिला, समाधानकारक' असा शेरा पडतो. दिपोटी गेले, शेरेबुक राहिलं.

ही थट्टा नाही. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला तुरुंगात एका कैदी महिलेचा मृत्यू झाला आणि सहा तुरुंग कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. वादाची सुरुवात झाली होती दोन अंडी आणि पाच पाव कमी पडल्याच्या तक्रारीवरून, असं फिर्यादीत म्हटलं होतं. अंडी आणि पाव! रोजच्या शिध्याचा हिशेब हा कुठल्याही बाहेरच्या पाहुण्याच्या यादीत पहिल्या पानावर असतो. तो कुणी नियमित पाहत असतं, तर ती तक्रार वहीतल्या एका ओळीवर मिटली असती असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या महिलांनी दंगा केला तेव्हा बाहेरच्या जगाला आत काही घडल्याचं कळलं.

मानवी हक्क आयोग? १९९३ च्या कायद्याने आयोगाला तुरुंगभेटीचा अधिकार दिला, पण 'राज्य सरकारला कळवून'. कळवून गेल्यावर काय पाहायला मिळणार ते सांगायला नको. २००६ मध्ये ही अट काढली, हे चांगलं झालं. मात्र कलमातले शब्द आहेत 'तुरुंग, किंवा उपचार, सुधारणा वा संरक्षणासाठी माणसं ठेवलेली संस्था'. पोलीस लॉकअपचं नावच नाही. लॉकअपमध्ये माणसाला सुधारायला ठेवतात असं कुणी म्हणणार असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय आयोगाचा तपास विभाग त्याच कायद्यानुसार पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चालतो.

मग कॅमेरे. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रवेशद्वारापासून लॉकअप आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांपर्यंत, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितलं. चित्रण १८ महिने जपायचं. पण कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी कुणाची? ठाण्याच्या प्रमुखाची. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाती बटण. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाला ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

तुरुंगाला थोडेफार पाहुणे आहेत, लॉकअपला कॅमेरा आहे. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झालेला माणूस कधीतरी कुणाला तरी दिसतो. पीसीआरमधला, आणि त्याआधीचा 'चौकशीला बोलावलेला', कुणालाच दिसत नाही. १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळी पाळायला सांगितलेली अकरा सूत्रं कित्येक ठाण्यांत भिंतीवर रंगवलेली आहेत. मी पाहिलेल्या एका ठाण्यात त्यातली शेवटची तीन लोखंडी कपाटामागे गेली होती. त्याच खटल्यात जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पोलीस ठाण्यांसाठीही अशासकीय अभ्यागत नेमण्याचा 'विचार करावा' असं म्हटलं. विचार चालू असावा.

उपयोग होतो का?

'गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला' हा आक्षेप मी गृहीत धरतो. पोलीस कोठडीतला माणूस अजून गुन्हेगार ठरलेला नसतो हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे, पटत कुणालाच नाही. दुसरं उत्तर देऊन पाहतो. आत काय चालतं ते बाहेर कळत नसलं की दोन्हीकडच्या गोष्टी खपतात. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट देशभर वर्षानुवर्षं फिरली. ती आपणच रचली होती, असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगितलं. स्वतंत्र पाहुणा असला की बिर्याणीही खोटी पडते आणि पोलिसांवरचा खोटा आरोपही. चांगल्या अहवालांत शिपायांच्या सलग पाळ्या आणि ठाण्यातली तुंबलेली मोरी यांचीही नोंद असते.

परिणामाचं म्हणाल, तर २०१६ मध्ये १६ देशांच्या तीस वर्षांच्या अनुभवाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष माझ्यासारख्या भेटींच्या भक्ताला थोडा जमिनीवर आणणारा आहे. सगळ्यात जास्त फरक पडतो तो अटकेनंतरच्या पहिल्या तासांतल्या साध्या गोष्टींनी: घरच्यांना कळवणं, वकील भेटणं, डॉक्टरने तपासणं. त्याही कागदावर नव्हे, प्रत्यक्षात झाल्या तर. भेटींचा परिणाम त्यानंतर, पण तो आहे, आणि अचानक व एकांतातल्या भेटींचा विशेष. दोन्ही एकमेकांना धरून आहेत. घरी फोन केला होता का, हे पाहायला तरी कुणीतरी जायलाच हवं.

जायचं कुणी, याचं सर्वात साधं उत्तर ब्रिटनकडे आहे. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसांविरुद्ध दंगल पेटली. लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशी अहवालाने सुचवलं की सामान्य नागरिकांना पोलीस कोठड्यांत जाऊ द्या. म्हणजे मुंबईचा निकाल आणि हे, एकाच सुमाराचं. तिकडे ते रुजलं आणि २००२ मध्ये कायद्यात आलं. निवृत्त शिक्षिका, दुकानदार, परिचारिका असे स्वयंसेवक जोडीने जातात. दिवसा किंवा रात्री, न कळवता. ओळखपत्र दाखवलं की आत घ्यावंच लागतं. कैद्याशी बोलताना पोलीस दिसेल इतका जवळ असतो, ऐकू येणार नाही इतका लांब. गुन्ह्याबद्दल ते एक अक्षर विचारत नाहीत. जेवलास का, पांघरूण आहे का, घरी कळवलंय का, दुखतंय का, बस.

अशी जोडी आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात रात्री साडेअकराला आली असं धरा. ठाणे अंमलदार खुर्ची मागे सरकवून उठणार. बाहेर बाकावर बसायला सांगणार, पाणी मागवणार, 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणत आत जाणार. तेवढ्यात डीबीच्या खोलीतला बाक रिकामा करता येतो, मागच्या दाराने. तिकडच्या स्वयंसेवकांना हा खेळ ओळखीचा असावा, कारण जेवण आणि पांघरुणाबरोबर तेही नोंदवतात: दारात किती मिनिटं थांबवलं?